वर्गमित्रांची खबरबात : एक सामाजिक वाचन

व्यवस्थापनशास्त्राचे शिक्षण देणाऱ्या संस्थांमध्ये एक प्रथा आहे. अभ्यासक्रम संपला, पदव्या वाटून झाल्या, की त्या वर्गाचा एक चिटणीस ठरतो. कोण कोणत्या पदावर चढला, कोणी कंपनी बदलली, कोणी स्वतःचा धंदा काढला, कोणाचे लग्न झाले, कोण निवर्तले, ही माहिती तो गोळा करतो आणि संस्थेच्या वार्तापत्रात ती वर्षानुवर्षे छापली जाते. ही पद्धत अमेरिकेतील. हार्वर्डची व्यवसायशाळा १९०८ साली निघाली. नोकरीत मुरलेल्या अधिकाऱ्यांसाठी एम.बी.ए.चा वेगळा वर्ग शिकागो विद्यापीठाने १९४३ साली सुरू केला. आपल्याकडे कलकत्ता व अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ साली स्थापन झाल्या. आता जिल्ह्याच्या गावीही नोकरदारांसाठी असे वर्ग भरतात आणि खबरबात मोबाईलवर येते.

वरवर पाहता ही हौसेची गोष्ट वाटते. चळवळीतल्या माणसाने तिच्याकडे लक्ष का द्यावे, असा प्रश्न कोणी विचारील. माझे म्हणणे असे की, ही खबरबात म्हणजे सातबाराच्या उताऱ्यावर न दिसणाऱ्या इस्टेटीची नोंदवही आहे. ती कोणाची आहे, कशी वाढते आणि तिचा वाटा कोणाला मिळत नाही, हे समजून घेतल्याशिवाय आपल्या शिक्षित तरुणांची आजची कोंडी नीट कळणार नाही.

ही इस्टेट काम कसे करते ते आधी पाहू. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या एका गावातील व्यावसायिक, तांत्रिक व व्यवस्थापकीय नोकरदारांना विचारले की, तुम्हाला ही नोकरी कशी लागली? निम्म्याहून अधिक लोकांनी सांगितले, ओळखीतून. जाहिरात पाहून किंवा थेट अर्ज करून नोकरी मिळवणारे त्या मानाने थोडे होते. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधातला महत्त्वाचा मुद्दा असा की, कामाला येणारी ओळख सख्ख्या भावाची किंवा शेजाऱ्याची नसते. ती दूरची असते, अधूनमधून भेटणाऱ्या माणसाची असते. कारण उघड आहे. आपल्या घरच्यांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असते. दुसऱ्या वर्तुळातल्या माणसाला मात्र आपल्याला न कळलेली जागा कळलेली असते. वर्गमित्र हा असा दूरचा, तरीही हक्काने पत्र लिहिता येईल असा माणूस. म्हणून या संस्थांचे पुष्कळसे शुल्क ज्ञानासाठी असते त्याहून अधिक वर्गमित्रांसाठी असते.

आता हा विचार आपल्या समाजावर लावून पाहू. त्यासाठी सर्वांत मोठे उदाहरण खुद्द बाबासाहेबांचे आहे. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ साली एम.ए. झाले. तेथून १९१६ साली लंडनला गेले आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली परतले. कराराप्रमाणे बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. कोलंबियातील त्यांच्या बरोबरीच्या एखाद्या अमेरिकन पदवीधराची त्या वर्षाची खबरबात दोन ओळींत मावली असती : अमुक पदावर नेमणूक, अमुक गावी मुक्काम. बाबासाहेबांना मुक्कामच मिळाला नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. बडोद्यात त्यांचे दोन परिचित होते. एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. एकाने नोकर सोडून जातील अशी अडचण सांगितली, दुसऱ्याने पत्नीला विचारावे लागेल असे सांगितले. दोघांच्याही घराचे दार उघडले नाही. हा अनुभव त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. भावनेपलीकडे जाऊन त्याच्याकडे शास्त्रीय दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट दिसते. ओळख होती, शिक्षण होते, पद होते. पण जात आडवी येताच ओळखीचे मोल शून्य झाले. ग्रॅनोव्हेटरच्या मांडणीत ही जागा रिकामी आहे, कारण त्याच्यासमोर आपला समाज नव्हता.

मुंबईला आल्यावर त्यांनी शेअर बाजारातील व्यापाऱ्यांना सल्ला देणारी एक पेढी काढली. अर्थशास्त्राच्या एवढ्या मोठ्या पंडिताला हा धंदा जमणार नाही असे कोण म्हणेल? पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. १९१८ च्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. वाणिज्य शिकवणारे ते कॉलेज, आणि तेथेही पाण्याच्या भांड्यावरून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली.

याच कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आपले विवेचन एकांगी होईल. कोलंबियाच्या वसतिगृहात बाबासाहेबांच्या बरोबर राहणारा नवल भथेना हा पारशी मित्र आयुष्यभर मित्रच राहिला. १९२० साली अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले तेव्हा स्वतःची शिल्लक आणि शाहू महाराजांची मदत यांच्या जोडीला भथेनांनी दिलेले पाच हजार रुपयांचे कर्ज होते. बडोद्याची धर्मशाळा पारशांची होती आणि हा मित्रही पारशीच होता. म्हणजे माणसाला समाजाने दिलेले वळण मोडता येते. ते एकाच छपराखाली, बरोबरीच्या नात्याने राहिल्यामुळे मोडले. पुढे १९३० साली कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात आपल्या आयुष्यातील उत्तम मित्रांची आठवण करताना बाबासाहेबांनी तेथील वर्गमित्र आणि ड्यूई, सेलिग्मन, शॉटवेल, रॉबिन्सन हे गुरुजन यांचा उल्लेख केला. ज्याच्या वाट्याला स्वदेशात सहाध्यायी म्हणून बसण्याचाही हक्क नव्हता, त्याने हे लिहावे यात बरेच काही आले.

या अनुभवातून बाबासाहेबांनी संस्था उभ्या केल्या. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ साली स्थापन झाली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले, १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय सुरू झाले, १९५३ साली सिद्धार्थ वाणिज्य महाविद्यालय. सिद्धार्थमध्ये सकाळचे वर्ग भरत. कचेरीत कारकुनी करणारा, रेल्वेत राबणारा तरुण पहाटे उठून तेथे शिके आणि मग कामावर जाई. नोकरी सांभाळून शिकण्याची जी सोय शिकागोत अधिकाऱ्यांसाठी होती ती येथे कष्टकऱ्यांसाठी झाली. फरक एवढाच की, तिकडे शिकणाऱ्याचे पैसे पुष्कळदा कंपनी भरी. इकडे शिकणाऱ्याच्या पगारावर गावाकडचे आख्खे घर चाले.

या वर्गांतून बाहेर पडलेल्यांची खबरबात काय? सरकारी कचेऱ्या, बँका, विमा, टपाल, रेल्वे, शाळा. आपल्या पहिल्या दोन पिढ्या तेथे गेल्या. त्याचे कारण नेहमी भित्रेपणा म्हणून सांगितले जाते, ते मला मान्य नाही. सरकारी जागेची जाहिरात निघते, परीक्षा होते, राखीव जागांची यादी लागते. तेथे मामा-काका नसले तरी चालतात. ज्याच्याजवळ ओळखीची इस्टेट नाही त्याने जेथे ओळख लागत नाही तेथे जावे, हा शहाणपणाचाच हिशेब होता. परंतु १९९१ नंतर जागा जेथे वाढल्या ते क्षेत्र खाजगी आहे आणि तेथील दार बहुधा ओळखीच्या किल्लीनेच उघडते. सुखदेव थोरात आणि पॉल अट्टेवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे लक्षात घ्यावा. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त आडनावाचा. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता दोन तृतीयांशच भरली. वरच्या टोकाला काय आहे? १००० मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. सुमारे ९३ टक्के संचालक पुढारलेल्या जातींचे निघाले, अनुसूचित जाती व जमातींचे मिळून ३.५ टक्के. हे संचालक एकमेकांचे वर्गमित्र, व्याही, शेजारी असतात. त्यांची खबरबात वेगळी छापावी लागत नाही.

आता भिंगारचे सांगतो. नगरच्या किल्ल्यापलीकडचे आमचे हे गाव लष्करी छावणीच्या आधाराने जगत आले. रणगाडा दलाचे केंद्र, वाहन संशोधन संस्था, छावणी मंडळ यांतल्या लहानमोठ्या नोकऱ्यांवर आमच्या कित्येक घरांतली पहिली पोरे शिकली. मी शाळेत शिकवीत असताना रविवारच्या वर्गांना जाऊन व्यवस्थापनाची पदविका घेतली. वर्गात एम.आय.डी.सी.तले सुपरवायझर होते, बँकेतले होते, साखर कारखान्यांचे हिशेबनीस होते. काहींचे शुल्क कारखान्याने भरले होते, काहींनी फंडातून कर्ज काढले होते. दुसऱ्या गटात आम्ही आलो.

दहा वर्षांनंतर आमच्या वर्गाची खबरबात वाचली की तिचे दोन भाग आपोआप पडतात. एका भागात बढत्या, बंगले, परदेशी गेलेली मुले. त्या मित्रांच्या कष्टांबद्दल मला शंका नाही. पण एकाला मुख्य हिशेबनिसाची जागा मिळाली तेव्हा कारखान्याच्या संचालकांत त्याचे मामा होते, हे खबरीत नाही. दुसऱ्या भागातले बहुतेक काही लिहीतच नाहीत. आमच्या आळीतल्या एकाने फॅब्रिकेशनची शेड टाकली. काम त्याचे चोख. मोठी ऑर्डर आली तेव्हा कर्जासाठी बँकेने जामीनदार मागितला. सहा आठवडे तो जामीनदार शोधत फिरला, तोवर ऑर्डर दुसरीकडे गेली. वर्गाच्या यादीत जामीन राहू शकतील अशी माणसे होती. त्यांना विचारण्याचे धाडस त्याला झाले नाही, आणि त्यांनाही त्याची अडचण कळली नाही. आमची एक सहाध्यायिनी दोनदा मुलाखतीत पहिली येऊनही खालच्या जागेवरच राहिली. तिने एवढेच लिहिले, ‘ठीक चालले आहे.’ खबरबातीतले असे ‘ठीक’ आपण वाचायला शिकले पाहिजे. अपमान लिहिला की नाव खाली जाते, ही भीती त्या शब्दामागे असते.

मग करावे काय? १९७८ साली शिक्षित कर्मचाऱ्यांची बामसेफ उभी राहिली, २००५ साली पुण्यात दलित उद्योजकांचे चेंबर निघाले. त्यांच्या वाटा वेगळ्या, मतभेदही आहेत. पण आपली माणसे एकमेकांना ठाऊक असली पाहिजेत, ही गरज दोन्हींनी ओळखली. त्याचबरोबर १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी व्यक्त केलेली व्यथा विसरता येणार नाही. शिकून पुढे गेलेले पोट भरण्यात गुंतले, मागे राहिलेल्यांकडे पाहीनासे झाले, असे त्यांचे दुःख होते. आपलीही खबरबात बंगल्या-गाड्यांची यादी झाली तर ती प्रस्थापितांची नक्कल ठरेल.

म्हणून कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी आपापल्या गावी एक साधी वही घालावी असे मी सुचवतो. दहावीच्या, महाविद्यालयाच्या, रात्रशाळेच्या प्रत्येक वर्गाची. तिच्यात पदाबरोबर चार गोष्टी लिहाव्यात. ही जागा कोणाच्या सांगण्यावरून कळली? कोठे अडवणूक झाली? कोणाला जामीन राहिलात, कोणाला जागा कळवलीत? आणि वर्गातून मध्येच शाळा सोडून गेलेले आज कोठे आहेत? शेवटचा प्रश्न कोणत्याही वार्तापत्रात नसतो, कारण तेथे फक्त पदवीधर मोजतात. आपल्या वर्गातले निम्मे विटांच्या भट्टीवर किंवा ऊसतोडीला गेले असतील तर तेही आपले वर्गमित्रच आहेत.

भिंगारला आम्ही अशी वही दोन वर्षांपूर्वी सुरू केली. फॅब्रिकेशनवाल्या मित्राच्या दुसऱ्या कर्जाला वर्गातलेच दोघे जामीन राहिले. त्यातला एक मराठा शेतकऱ्याचा मुलगा आहे. त्याला विचारले होते, एवढेच.