पाव मैलाचा पीळ

ड्रॅग रेसिंग म्हणजे मुळात सरळ रेषेत पाव मैल, १,३२० फूट. अमेरिकेत वॉली पार्क्स यांनी १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली आणि या वेडाला नियमांची चौकट मिळाली. तिथल्या हौशी शर्यतवाल्याला इंजिनाबद्दल विचारा, तासभर बोलेल. मागचा अ‍ॅक्सल त्याला आठवतो तो मोडल्यावर.

तो बहुधा मोडतो सुटतानाच. इंजिनाचा टॉर्क ५०० फूट-पौंड, पहिल्या गिअरचं गुणोत्तर २.४८ आणि मागच्या गिअरचं ४.१० धरलं, तर मागे पोचेपर्यंत त्याचे पाच हजारांवर होतात. टॉर्क कन्व्हर्टर वर आणखी भर घालतो, ती वेगळीच. चाक जागच्या जागी फिरलं तर अ‍ॅक्सल वाचला. पण रुंद, मऊ स्लिक टायरने चिकट ट्रॅक पकडला की सगळा पीळ दांड्यावर येतो. म्हणून नव्या अ‍ॅक्सलची ऑर्डर देताना हॉर्सपॉवरच्या बढाया उपयोगाच्या नाहीत. गाडीचं वजन, टायर आणि गिअरबॉक्स खरे सांगावेत.

मग जाडी. ती स्प्लाइनच्या, म्हणजे टोकाच्या दात्यांच्या संख्येवरून बोलली जाते: २८, ३१, ३५, ४०. दांड्याची पीळ सोसायची ताकद व्यासाच्या घनात वाढते, त्यामुळे ३१वरून ३५वर गेलं की व्यास आठवा हिस्साच वाढतो, ताकद मात्र जवळपास दीडपट होते. माझ्या मते महागड्या पोलादाआधी पैसे इथे घालावेत. रस्त्यावरही फिरणाऱ्या गाडीला १५४१ पोलादाचा, वरचा थर कठीण केलेला अ‍ॅक्सल चालतो. निव्वळ शर्यतीसाठी ४३४० किंवा ३००एम. शर्यतीचा चांगला दांडा थोडा पिळतो आणि परत सरळ होतो. मर्यादा ओलांडली की मात्र सुंभासारखा पीळ कायमचा. दांड्यावर रंगाची एक सरळ रेघ मारून ठेवली की तो लगेच दिसतो.

मापाची खरी कटकट १९५७ साली आलेल्या फोर्ड नाइन-इंच या मागच्या अ‍ॅक्सलच्या जोडणीत. तिचं पिनियन मध्यावर नसतं, त्यामुळे मूळ हाउसिंगमध्ये डावा-उजवा अ‍ॅक्सल वेगळ्या लांबीचा. त्यात रुंद टायर आत बसवायला हाउसिंग कापून अरुंद केलेलं असेल, तर कंपनीच्या पुस्तकातलं माप विसरा. वेल्डिंग पुरं झाल्यावर, स्पूल (दोन्ही अ‍ॅक्सल एकत्र जखडणारा भाग) बसवून, दोन्ही बाजू स्वतंत्र मोजाव्यात. बेअरिंग, ब्रेक आणि चाकाच्या बोल्टचं वर्तुळ आधी ठरलेलं हवं. चाक बसतं त्या फ्लँजला एकदा भोकं पडली की विषय संपला.

ज्या गाड्यांत अ‍ॅक्सल आतल्या टोकाला सी-क्लिपने धरलेला असतो, त्यांत तो मोडला तर चाकासकट बाहेर येऊ शकतो. म्हणून असोसिएशनच्या नियमांत पाव मैलाला १०.९९ सेकंद किंवा त्याहून वेगवान गाडीला तो बाहेरच्या टोकाशी अडकवून ठेवणारी सोय सक्तीची आहे. नाइन-इंचला ही पकड मुळातच बाहेर, बेअरिंगपाशी असते. शर्यतवाल्यांचा तिच्यावर जीव आहे त्याचं हे एक कारण. सुटा जादा अ‍ॅक्सल घेणार असाल, तर दोन्ही बाजूंचा एकेक घ्या. मोडणारा नेमका दुसऱ्या बाजूचा असतो.