फेब्रुवारीचे तीनशे रुपये

भोसरी एमआयडीसीतल्या कुठल्याही गाळ्यातली पगाराची स्लिप बघा. डाव्या बाजूला बेसिक, डीए, ओव्हरटाइम. उजवीकडे कपाती: पीएफ, ईएसआय, कँटीन, अ‍ॅडव्हान्स आणि त्याखाली दोन अक्षरं, पीटी. त्यासमोर 200. फेब्रुवारीच्या स्लिपवर मात्र 300. महिना अठ्ठावीस दिवसांचा, ओव्हरटाइम त्यामुळे कमी आणि कपात शंभराने जास्त. का, असं विचारलं तर सुपरवायझर म्हणतो, "सरकारी आहे, सगळ्यांचीच जाते." उत्तर खरं आहे. अडचण त्या 'सगळ्यांची'मध्ये आहे.

पीटी म्हणजे प्रोफेशनल टॅक्स, कायद्याच्या भाषेत व्यवसाय कर. अकरा महिने 200 आणि फेब्रुवारीत 300 मिळून वर्षाचे 2,500 होतात. राज्यघटनेच्या 276व्या अनुच्छेदाने या कराला घातलेली कमाल मर्यादा तेवढीच आहे. 1950 साली ती 250 रुपये होती. 1988च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती 2,500 झाली आणि तिथेच थांबली.

महाराष्ट्रात पुरुषाचा पगार महिना 7,500च्या वर गेला की 175 रुपये आणि 10,000च्या वर गेला की हा पूर्ण दर लागतो. त्याच्या वर पायरीच नाही. पंधरा हजारांचा हेल्पर आणि दोन लाखांचा प्लांट हेड दोघेही 2,500च भरतात. हेल्परच्या वर्षाच्या कमाईचा हा जवळजवळ 1.4 टक्के हिस्सा झाला, प्लांट हेडच्या कमाईचा 0.1 टक्का. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर हेल्परची चार दिवसांहून जास्त मजुरी या करात जाते. प्लांट हेड तेवढे पैसे एका सकाळी जेवणाच्या सुट्टीआधी कमावतो.

प्राप्तिकराच्या न्याय-अन्यायावर आपल्याकडे दर बजेटला चर्चा होते. 2025च्या बजेटने नव्या पद्धतीत वर्षाला 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर, नोकरदारांच्या बाबतीत पावणेतेरा लाखांपर्यंत, कर शून्यावर आणला. त्या दिवशी टीव्हीवर मध्यमवर्गाचा आनंद दिसला. भोसरीचा हेल्पर त्या चर्चेत नव्हताच, कारण प्राप्तिकर त्याला आधीही नव्हता. पण पगार बघून कापला जाणारा कर हा उत्पन्नावरचाच कर. घटनेलाही हे ठाऊक होतं, म्हणून हा कर उत्पन्नाशी संबंधित आहे एवढ्या कारणाने अवैध ठरणार नाही, असं 276व्या अनुच्छेदातच लिहून ठेवलं आहे. बारा लाखांवर शून्य म्हणणाऱ्या देशात महिना दहा हजारांवर कर लागतो, तो असा.

या कराचा जन्म मात्र अभिमान वाटावा असा आहे. 1972च्या दुष्काळात महाराष्ट्राची खेडी रस्त्यावर आली, खडी फोडायला बसली, सुकडी खाऊन जगली. 1973च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसं होती. मागेल त्याला काम द्यायचं ही कल्पना वि. स. पागे यांची. 1965मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला होता. तिचीच पुढे राज्याची रोजगार हमी योजना झाली, 1977मध्ये कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. त्यासाठी पैसा हवा होता. 1975चा व्यवसाय कर हा त्याचा एक मोठा स्रोत. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी दरमहा काही द्यायचं आणि सरकारने त्यात आपल्याकडून तेवढीच भर घालायची. पगारातून कापलेल्या पैशाला इतका सरळ अर्थ क्वचितच मिळाला असेल. केंद्राचा रोजगार हमी कायदा त्यानंतर तीस वर्षांनी, 2005 साली आला.

भोसरीत हा इतिहास घराघरात आहे. लातूर, बीड, धाराशिव, सोलापूरकडून आलेली माणसं इथल्या लेथवर आणि प्रेसवर उभी राहिली. माझ्या ओळखीच्या एका सीएनसी ऑपरेटरची आजी बहात्तर साली पाझर तलावाच्या कामावर माती वाहत होती. पीटी कशासाठी सुरू झाला, हे त्याला सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग कापू द्या की. पण साहेबाचे जास्त कापा." कराच्या न्यायावर मी बरंच वाचलं आहे. याहून नेमकं वाक्य त्यात सापडलं नाही.

गुंतागुंतही कमी नाही. छोट्या वर्कशॉपच्या मालकाला कामगारांसाठी पीटीआरसी आणि स्वतःसाठी पीटीईसी, असे दोन नोंदणी दाखले लागतात. भागीदारी असेल तर प्रत्येक भागीदाराचे वेगळे 2,500. पत्रक चुकलं की विलंब शुल्क. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत भरलेला पीटी उत्पन्नातून वजा होतो, नव्या पद्धतीत होत नाही. सवलतींची यादी वाचली की काळ कुठे थांबलाय ते दिसतं. कापड गिरण्यांतल्या बदली कामगारांना या करातून सूट आहे. मुंबईच्या बहुतेक गिरण्या गेल्या, सूट कायद्यात राहिली. चाकण-भोसरीतला कंत्राटी कामगार हा आजचा बदली कामगारच, पण त्याच्यासाठी त्या यादीत ओळ नाही.

भोसरी ज्या शहरात येते, त्या पिंपरी-चिंचवडला कराविरुद्ध उठणं नवं नाही. 1 एप्रिल 2013ला जकात जाऊन एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली, आणि 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींच्या आतल्या उलाढालीला एलबीटी माफ झाला. अनधिकृत बांधकामांवरच्या शास्तीकराविरुद्ध इथे वर्षानुवर्षे मोर्चे निघाले. 2023मध्ये तोही माफ झाला. माणशी सारखा कर लादला तर लोक काय करतात, हे ब्रिटनने 31 मार्च 1990 रोजी ट्रॅफल्गर चौकात पाहिलं. तो पोल टॅक्स थॅचरबाईंच्या पंतप्रधानपदाला भोवला. अमेरिकेत हेन्री थोरो 1846 साली अशाच डोईपट्टीपायी एक रात्र तुरुंगात राहिला. पीटीविरुद्ध मात्र भोसरीत मोर्चा निघाल्याचं मी पाहिलं नाही. रक्कम लहान आहे, आणि पैसे हातात येण्याआधीच गेलेले असतात. दुकानदार शटर ओढू शकतो. कामगार काय ओढणार?

हा कर रद्द करा, असं मी म्हणत नाही. ज्या विचारातून तो आला तो विचार मला प्यारा आहे. मात्र त्याला पायऱ्या हव्यात. चौदाव्या वित्त आयोगाने ही मर्यादा 12,000पर्यंत वाढवावी असं सुचवलं होतं. त्यासाठी पुन्हा घटनादुरुस्ती लागेल आणि ती संसदेच्या हाती आहे. खालची पायरी मात्र पूर्णपणे मुंबईच्या हातात आहे. एप्रिल 2023 पासून महिना 25,000पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना राज्याने या करातून वगळलं. त्याला घटनादुरुस्ती लागली नाही, दिल्लीची परवानगी लागली नाही.

तीच रेघ पुरुष कामगारांसाठीही ओढावी, ही मागणी कामगार संघटनांनी आणि लघुउद्योजकांच्या संघटनांनी एकत्र येऊन आपल्या आमदारांकडे न्यावी. जाताना फेब्रुवारीची स्लिप सोबत ठेवावी.