सबवूफर मध्येच का ‘झोपतो’?

रात्री आवाज कमी ठेवून चित्रपट पाहताना होम थिएटरचा सबवूफर मध्येच बंद पडतो, ही तक्रार नेहमीची. दोष बहुधा यंत्रात नसतो. ‘ऑटो’वर ठेवलेल्या सबवूफरला जागे राहण्यासाठी रिसिव्हरकडून काही मिलिव्होल्टचा तरी सिग्नल लागतो. तो बराच वेळ न मिळाल्यास सबवूफर स्टँडबायमध्ये जातो. संवादप्रधान प्रसंगांत खर्ज मुळातच अल्प असतो. अशा वेळी रिसिव्हरच्या मेन्यूतील सबवूफरची पातळी पाच-सहा डेसिबलने वाढवावी आणि सबवूफरच्या मागील व्हॉल्यूमचा नॉब त्या प्रमाणात उतरवावा. सिग्नलची चाहूल घेणारे सर्किट बहुतेक सबवूफरमध्ये या नॉबच्या आधी असते. त्यामुळे खर्ज पूर्वीइतकाच राहतो, सिग्नल मात्र बळकट होतो. उलट, सबवूफर कधीच बंद होत नसेल, तर केबलमधून शिरणारी वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची गुणगुण त्याला जागे ठेवत असण्याची शक्यता असते.