पगारातून कापलेले दोनशे रुपये कोणाचे?

खंडाळा, शिरवळ, लोणंद भागातील आपले बहुतेक व्यापारी बांधव विक्रीकर आणि आयकराला भितात, पण व्यवसाय कराकडे दुर्लक्ष करतात. "दुकानात दोनच पोरे आहेत, आपल्याला कसला कर?" असे सर्रास म्हटले जाते. हा गैरसमज आहे.

हा कर महाराष्ट्रात 1975 च्या कायद्याने आला. 1972 च्या दुष्काळात सुरू झालेल्या रोजगार हमीच्या कामांना पैसा मिळावा हा त्यामागचा हेतू होता. राज्यघटनेने त्याची कमाल मर्यादा वर्षाला 2500 रुपये ठेवली आहे.

कर दोन प्रकारचा आहे. पहिला मालकाचा स्वतःचा. भागीदारीत प्रत्येक भागीदाराचा वेगळा भरावा लागतो. वयाची 65 वर्षे ओलांडलेल्यांना माफी आहे. दुसरा नोकराचा, जो मालकाने पगारातून कापून सरकारात भरायचा. दोन्हींची नोंदणी वेगवेगळी. एक केली म्हणजे दुसरी झाली असे नाही.

पुरुष नोकराचा पगार 7500 रुपयांपर्यंत असेल तर कर नाही. त्यापुढे 10,000 पर्यंत दरमहा 175 आणि त्याहून जास्त असल्यास 200 रुपये, फेब्रुवारीत 300. महामार्गालगत कारखाने आल्यापासून आपल्याकडे साधा मदतनीसही 7500 मध्ये मिळत नाही. म्हणजे दोन पोरांच्या दुकानालाही हा कायदा लागू होतो.

स्त्रियांसाठी 1 एप्रिल 2023 पासून 25,000 रुपयांपर्यंतचा पगार करमुक्त आहे. इथे मी माझीच चूक सांगतो. आमच्या काउंटरवरील बाईंचा पगार 12,000. नियम बदलल्यावरही मुनीमजी तीन महिने दोनशे कापत राहिले आणि मी वही पाहिली नाही. समजल्यावर सहाशे रुपये गल्ल्यातून परत दिले. तुमच्याही वह्या एकदा तपासा.

वर्षाचा एकूण कर एक लाखाच्या आत असेल तर विवरणपत्र वर्षातून एकदाच, 31 मार्चपर्यंत, भरायचे असते. चुकल्यास विलंब शुल्क 1000 रुपयांपर्यंत जाते. कर 400 आणि दंड हजार, असा उलटा सौदा होतो.

दुकाने कायद्यातही सवलत आहे. 2017 च्या कायद्याने दहापेक्षा कमी नोकर असलेल्या दुकानांना नोंदणीऐवजी फक्त सूचना पुरेशी केली. 2025 मध्ये ही मर्यादा वीस झाली. पण या सवलतीचा व्यवसाय कराशी संबंध नाही.

बांधवांनो, नोकराच्या पगारातून कापलेली रक्कम ही आपली कमाई नव्हे, ती अमानत आहे. ती कापून न भरणे म्हणजे अमानतीत खयानत. सूरह बकरामध्ये देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. पगारपत्रक हाही त्यातलाच एक कागद. तो साफ असेल, तर इन्स्पेक्टर आला तरी घाम फुटणार नाही आणि धंद्यात बरकत राहील.