एकच पत्ता, दोन द्वारपाल

शाळेच्या संगणक-कक्षात वीस-पंचवीस यंत्रे चालतात. परंतु बाहेरच्या जगास त्या सर्वांचा मिळून बहुधा एकच पत्ता ठाऊक असतो. असे का? इंटरनेटवरील पत्त्यांची १९८१ साली ठरलेली पद्धती ३२ द्विमान अंकांची आहे. तीत सुमारे ४२९ कोटी पत्ते मावतात. मागणी वाढत गेली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातील शेवटचे गट वाटून संपले. अशा टंचाईत अनेक यंत्रांनी एकाच सार्वजनिक पत्त्याआड राहण्याची युक्ती सर्वत्र रूढ झाली. आतील यंत्रांना खाजगी पत्ते असतात. दारातील फायरवॉल बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर सार्वजनिक पत्ता घालते, कोणाचे उत्तर कोणास पोहोचवावयाचे याची नोंद ठेवते आणि अनाहूत पाहुण्यास रोखते.

हा द्वारपाल कालांतराने जुना होतो. नव्या धोक्यांवरील दुरुस्त्या त्यास मिळेनाशा झाल्या म्हणजे तो बदलणे भागच पडते. अडचण ही, की पत्ता एकच! एका घरक्रमांकाची दोन घरे असली तर पोस्टमनाने पत्र कोठे टाकावे?

यास्तव नव्या यंत्रास प्रथम खाजगी पत्ता देऊन जुन्याच्या आडच ठेवावे. जुने नियम एकेक वाचून त्यात उतरवावे. निरुपयोगी झालेले गाळावे. मग एखादा संगणक नव्याच्या आड जोडून परीक्षा घ्यावी. शेवटी सुट्टीच्या दिवशी तार बदलावी. त्या क्षणी चालू असलेली संभाषणे तुटतात, कारण नव्याची नोंदवही कोरी असते.

आम्ही एकदा घाई केली. परीक्षेचे अर्ज भरण्यास दोनच दिवस उरले असता तार बदलली आणि त्याआधीच जुन्या यंत्रातील नियम पुसून टाकले. नवे यंत्र निर्दोष होते, तरी इंटरनेट बंद! परतावयास वाट नव्हती. दोन तासांनी उलगडा झाला. प्रत्येक यंत्रास कारखान्यात ४८ द्विमान अंकांचा क्रमांक मिळतो. सेवा देणाऱ्याच्या यंत्राने आमच्या पत्त्यासमोर जुन्याचाच क्रमांक स्मरणात ठेवला होता. पाकिटे त्याच्याच नावे येत होती. आम्ही नव्यास जुन्याचा क्रमांक धारण करावयास लावले आणि वाहतूक सुरू झाली. मॉडेम काही वेळ बंद ठेवल्याने किंवा सेवाकेंद्रास ती नोंद पुसण्यास सांगितल्यानेही पुष्कळदा हे काम होते.

अर्ज वेळेवर गेले. पण त्या दोन तासांत अनेक पालक दाराशी ताटकळत उभे होते, हे आम्ही विसरलो नाही. नव्याने आपले काम सिद्ध करीपर्यंत जुन्यास निरोप देऊ नये, हा धडा त्यांच्या चेहऱ्यांनी आम्हांस दिला.