दहावीचे वळण आणि कृत्रिम बुद्धिमत्ता : शेतकरी कुटुंबातील मुलांनी दिशा कशी निवडावी?

दहावीचा निकाल आणि खरिपाची पेरणी यांचा हंगाम आपल्याकडे जवळजवळ एकच असतो. त्यामुळे बियाणे, बीजप्रक्रिया किंवा माती परीक्षणाचा अहवाल यांविषयी विचारायला कृषी विज्ञान केंद्रात आलेला शेतकरी जाता जाता आणखी एक प्रश्न विचारतो. काही वर्षांपूर्वी कापूस पट्ट्यातील एका शेतकऱ्याने असेच विचारले होते, "साहेब, पोरगी दहावी झाली. टायपिंगचा आणि कॉम्प्युटरचा कोर्स लावून देतो म्हणतो. कुठल्या तरी ऑफिसात सावलीत बसून काम मिळालं म्हणजे झालं. बरोबर आहे ना?"

त्या वेळी आम्ही "चांगला विचार आहे" असे उत्तर दिले होते. कोरडवाहू शेतीची अनिश्चितता भोगलेल्या पित्याची ती इच्छा रास्त होती आणि उत्तरही तेव्हाच्या परिस्थितीला धरून होते. आज मात्र तेच उत्तर तसेच्या तसे देता येणार नाही. गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेने कामांची जी फेरमांडणी सुरू केली आहे, तिचा पहिला धक्का शेताच्या बांधावर नव्हे, तर त्या सावलीतल्या खुर्चीला बसत आहे. गावात करिअर मार्गदर्शकाची जागा बहुधा विस्तार कार्यकर्त्यालाच भरून काढावी लागते. म्हणून हा विषय आपण समजून घेणे अगत्याचे आहे.

यंत्र नोकरी घेते की काम?

ऑक्सफर्ड विद्यापीठातील फ्रे आणि ऑसबोर्न या संशोधकांनी २०१३ मध्ये अमेरिकेतील ७०२ व्यवसायांचा अभ्यास करून सुमारे ४७ टक्के रोजगार स्वयंचलनाच्या मोठ्या जोखमीत असल्याचा अंदाज मांडला. हा आकडा जगभर गाजला. परंतु त्यात संपूर्ण व्यवसाय हे एकक धरले होते. प्रत्यक्षात कोणताही व्यवसाय म्हणजे अनेक लहान-मोठ्या कामांची जुडी असते. त्यातील काही कामे यंत्र सहज करते, काही अर्धवट करते आणि काही त्याला मुळीच जमत नाहीत.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२३ मधील अभ्यासात व्यवसायांऐवजी कामे तपासली. त्यात कारकुनी स्वरूपाच्या कामांपैकी सुमारे २४ टक्के कामांवर नव्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा मोठा, तर आणखी ५८ टक्के कामांवर मध्यम प्रभाव पडू शकतो असे आढळले. अन्य कोणत्याही व्यवसायगटात हे प्रमाण इतके नव्हते. प्रभाव पडणे म्हणजे नोकरी जाणेच असे नाही. अनेक ठिकाणी तोच माणूस यंत्राच्या साहाय्याने अधिक काम करील. तथापि, जे काम पूर्वी पाच जण करीत, ते दोघांत होऊ लागले की नव्याने भरती होणाऱ्यांची दारे अरुंद होतात. आज दहावीत असलेली मुले ही पुढील काळातील नवी भरती आहे, हे येथे ध्यानात ठेवावे.

जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या रोजगारविषयक अहवालातही वेगाने घटणाऱ्या पदांमध्ये टपाल लिपिक, बँकेतील रोखपाल आणि माहिती नोंदणी लिपिक यांचा समावेश आहे. त्याच अहवालानुसार २०३० पर्यंत संख्येने सर्वाधिक वाढणाऱ्या रोजगारांत शेतातील कामगार अग्रस्थानी आहेत. हे वाचून लगेच समाधान मानण्याचे कारण नाही. रोजगाराची संख्या वाढली म्हणजे त्यातील मिळकत वाढली असे होत नाही.

बोंडाच्या आतली अळी

कामांची जुडी म्हणजे काय, हे शेतीतील एका उदाहरणाने स्पष्ट होईल. केंद्र शासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणाली सुरू केली. शेतकऱ्याने किंवा विस्तार कार्यकर्त्याने मोबाईलवर काढलेल्या छायाचित्रावरून ही प्रणाली कीड ओळखते. ६१ पिके आणि ४०० हून अधिक किडी तिच्या कक्षेत आहेत. कीड ओळखण्यासाठी पूर्वी अनुभवी कीटकशास्त्रज्ञाची वाट पाहावी लागे; ते काम आता काही क्षणांत होऊ शकते.

आता कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचा विचार करू. अळी लहान असतानाच बोंडात शिरते, तिने पाडलेले छिद्र बुजून जाते आणि बोंड बाहेरून निरोगी दिसते. अशा बोंडाचे बाहेरून कितीही स्वच्छ छायाचित्र काढले तरी त्यात अळी दिसणार नाही. त्यासाठी कोणाला तरी शेतात फिरून निरनिराळ्या झाडांवरील २० हिरवी बोंडे तोडावी लागतात, ती फोडून पाहावी लागतात. त्यांपैकी दोन बोंडांत, म्हणजे १० टक्के बोंडांत अळी आढळली, किंवा कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडले, तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजतात. त्यानंतर फवारणी करावी की नाही, हातात किती पैसा आहे, पाऊस कधी येईल, शेजारच्या शेतात काय स्थिती आहे, हे सर्व जमेस धरून निर्णय घ्यावा लागतो. निर्णय चुकला तर त्याचे उत्तरदायित्वही कोणाला तरी स्वीकारावे लागते.

या एकाच कामात ओळखणे, मोजणे, तोलणे आणि जबाबदारी घेणे अशा चार पायऱ्या आहेत. पहिली पायरी यंत्राने बऱ्याच अंशी उचलली आहे. उरलेल्या तीन पायऱ्यांत ते मदत करील, परंतु माणसाची जागा घेणे त्याला सध्या कठीण आहे. खरीप २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित मॉन्सूनचा अंदाज १३ राज्यांतील सुमारे ३ कोटी ८८ लाख शेतकऱ्यांना लघुसंदेशाद्वारे पाठवण्यात आला. इतक्या जणांपर्यंत पोहोचणे माणसांना शक्य नव्हते. पण संदेश वाचून "माझ्या हलक्या जमिनीत आता तूर पेरू का?" असे विचारणाऱ्याला उत्तर देण्यासाठी त्या जमिनीवर उभा राहिलेला माणूसच लागतो.

व्यवसायाचे नाव नव्हे, त्यातील कामे पाहावीत

यावरून मुलांच्या करिअर नियोजनासाठी एक साधी कसोटी हाती येते. कोणताही अभ्यासक्रम किंवा नोकरी निवडताना त्या व्यवसायात दिवसभर कोणती कामे करावी लागतात, त्यांची यादी करावी. त्यांपैकी जी कामे ठरावीक साच्यात, पडद्यासमोर बसून आणि पूर्वीच्या नमुन्यावरून होतात, ती यंत्राकडे जाण्याची शक्यता अधिक. ज्यांत दर वेळी परिस्थिती वेगळी असते, हात आणि डोके दोन्ही लागतात, लोकांचा विश्वास मिळवावा लागतो, ती माणसाकडे दीर्घकाळ राहण्याची शक्यता अधिक. यादीत पहिल्या प्रकारचीच कामे असतील, तर त्या अभ्यासक्रमावर कर्ज काढण्यापूर्वी पुन्हा विचार करावा.

या कसोटीवर ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी अनेक वाटा तपासता येतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील ट्रॅक्टर मेकॅनिक किंवा कृषी यंत्रसामग्री मेकॅनिक हे अभ्यासक्रम दहावीनंतर करता येतात; चिखलात बंद पडलेले यंत्र दुरुस्त करण्याचे काम संगणकाच्या पडद्यावरून होत नाही. ड्रोन नियम २०२१ नुसार दहावी उत्तीर्ण आणि वयाची १८ वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीला मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेऊन ड्रोनचालकाचे प्रमाणपत्र मिळवता येते. महिला बचत गटांसाठीच्या नमो ड्रोन दीदी योजनेत १५,००० गटांना ड्रोन देण्याचे उद्दिष्ट ठरले. मात्र फवारणीचे काम हंगामी असते. नुसते ड्रोन उडवणारा आणि फवारणीची मात्रा, वाऱ्याचा वेग व पिकाची अवस्था जाणणारा, या दोघांत टिकेल तो दुसराच.

कृषी पदवी किंवा पदविका घेणाऱ्यांसाठी २००२ पासून कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजना आहे; तीत प्रशिक्षण घेऊन स्वतःची सल्ला व सेवा केंद्रे उभारता येतात. पुढील शिक्षणाच्या अटी मात्र दहावीतच माहीत असाव्यात. कृषी पदवीच्या बहुतेक प्रवेशांसाठी बारावी विज्ञान लागते, कृषी अभियांत्रिकीसाठी गणित आवश्यक असते आणि पशुवैद्यकीय पदवीसाठी जीवशास्त्रासह 'नीट' परीक्षा द्यावी लागते. "गणित अवघड जाते" म्हणून अकरावीत ते सोडणारा विद्यार्थी नकळत काही दारे कायमची बंद करतो, आणि हे त्याला दोन वर्षांनी समजते.

शाळेतील पायाभरणी

आज दहावीत असलेला विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत सहा-सात वर्षे जातील आणि त्यानंतर त्याला चार दशके काम करायचे आहे. आजचे एखादे ॲप किंवा सॉफ्टवेअर शिकणे ही त्याची शिदोरी होऊ शकत नाही. भाषेवर प्रभुत्व, गणिताची पक्की बैठक, निरीक्षण करून नोंद ठेवण्याची सवय आणि हाताने काम करण्याची तयारी, या गोष्टी मात्र कोणत्याही बदलात उपयोगी पडतात. यंत्राने दिलेले उत्तर बरोबर आहे की चूक, हे ओळखण्यासाठीही विषयाचे ज्ञान आधी स्वतःजवळ असावे लागते.

या दिशेने काही प्रयत्न झालेले आहेत. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तेथून ग्रामीण माध्यमिक शाळांत पोहोचलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात विद्यार्थी शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य या चार क्षेत्रांतील कामे प्रत्यक्ष करून शिकतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने इयत्ता सहावीपासून व्यावसायिक शिक्षणाची ओळख करून देण्याचे सुचवले आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१९-२० पासून नववीसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता हा ऐच्छिक विषय सुरू केला. शालेय मृदा आरोग्य कार्यक्रमात तर विद्यार्थी स्वतः मातीचे नमुने घेऊन तपासतात. नमुना कोठून घ्यावा, तो प्रातिनिधिक आहे का, हे ज्याला समजले, त्याला माहितीची गुणवत्ता म्हणजे काय हेही समजले. आणि कृत्रिम बुद्धिमत्ता शेवटी माहितीच्या गुणवत्तेवरच उभी असते.

दोन सावधगिरीचे इशारे

पहिला इशारा आपल्यालाच आहे. "खुर्चीची नोकरी जाणार, तेव्हा मुलांनो शेतीतच राहा" असा सल्ला देणे अन्यायाचे ठरेल. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील सरासरी वहितीचे क्षेत्र अवघे १.०८ हेक्टर आहे, आणि २०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणानुसार ४६ टक्के रोजगार शेतीवर अवलंबून आहे. सर्वच मुलांना ही जमीन पोसू शकणार नाही. शेतीशी निगडित सेवा, प्रक्रिया, दुरुस्ती आणि पशुवैद्यक यांतील कौशल्ये त्यांना द्यावीत; त्यानंतर राहणे किंवा जाणे हा निर्णय त्यांचा असावा.

दुसरा इशारा पालकांना. 'एआय'चे नाव लावून महागडे अल्पमुदतीचे वर्ग विकले जाऊ शकतात. प्रमाणपत्र कोण देते, प्रात्यक्षिक किती आहे आणि आधीच्या तुकडीतील विद्यार्थी आज काय काम करतात, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय शुल्क भरू नये.

विस्तार कार्यकर्त्यांनी काय करावे?

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांची वर्षातून किमान एक भेट कृषी विज्ञान केंद्रात घडवावी आणि त्यांना केवळ प्रक्षेत्र न दाखवता तेथील प्रयोगशाळा साहाय्यक, यंत्रचालक व शास्त्रज्ञ दिवसभर काय करतात हे दाखवावे. शिवारफेरीत मुलांच्या हाती नोंदवही द्यावी. पालकसभेत पुढील शिक्षणाच्या अटी अकरावीच्या प्रवेशापूर्वी सांगाव्यात. प्रगतिशील शेतकऱ्यांनी आपल्या शेतावर एखाद्या विद्यार्थ्याला सुट्टीत ठिबक संच, हवामान केंद्र किंवा गोठ्याच्या नोंदी हाताळू द्याव्यात.

त्या पित्याने आज पुन्हा तोच प्रश्न विचारला, तर आम्ही संगणक शिकवू नका असे म्हणणार नाही. आम्ही सांगू : मुलीला संगणक अवश्य शिकवा, पण केवळ टंकलेखनापुरता नको. विज्ञान-गणित सोडू देऊ नका, आणि या हंगामात २० बोंडे फोडून मोजण्याचे काम तिच्याकडे द्या. मोबाईलने दिलेले उत्तर आणि तिने केलेली मोजणी यांचा मेळ बसला नाही, तर तो का बसला नाही हे तिलाच शोधू द्या. ज्याला हे शोधता येते, त्याच्यासाठी काम सावलीतही असेल आणि शिवारातही.