कुंडीतले फळझाड आणि कोकणचा पाऊस

रायगडाच्या पायथ्याशी, रज्जुमार्गाचे खालचे स्थानक असलेल्या हिरकणीवाडीसारख्या डोंगरकडेच्या वस्तीत घराभोवती मोकळी जागा बेताचीच असते आणि मातीच्या पातळ थराखाली लवकरच कातळ लागण्याची शक्यता असते, त्यामुळे खड्डा खणण्यापेक्षा कुंडी भरणे सोयीचे ठरते. मात्र कुंडीतील फळझाडांविषयीचे बहुतेक सल्ले पाणी कमी पडेल या भीतीने दिलेले असतात, आणि महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात वर्षातील चार महिने संकट नेमके उलट असते. रायगड जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो व तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या काळातच. म्हणजे ४५ सेंटिमीटर व्यासाच्या कुंडीच्या तोंडावर एका पावसाळ्यात साडेचारशे लिटरच्या आसपास पाणी कोसळते. त्याचा निचरा झाला नाही, तर मातीच्या कणांमधील हवेची जागा पाणी घेते, मुळांना प्राणवायू मिळेनासा होतो आणि ती कुजू लागतात. निचरा झालाच, तर त्याबरोबर नत्रासारखी विरघळणारी अन्नद्रव्येही वाहून जातात. म्हणून खताचा मुख्य हप्ता पाऊस ओसरल्यावर द्यावा, हे उत्तम.

तळाशी विटांचे तुकडे घातले की निचरा साधला, हा समज मात्र फसवा आहे, कारण बारीक माती पाणी धरून ठेवते आणि खालच्या भरड थरात ते सहज उतरू देत नाही. खापरीचा उपयोग छिद्र बुजू नये एवढाच. खरे काम मातीत मिसळलेली भरड वाळू व चांगले कुजलेले शेणखत करतात, आणि कुंडी विटांवर उचलून ठेवल्यास छिद्रे मोकळी राहतात.

कुंडीत बियांपासूनचे रोप लावण्यापेक्षा कलम लावावे, म्हणजे निवडलेल्या झाडाची फांदी दुसऱ्या रोपाच्या खुंटावर जोडून केलेले झाड. हापूससाठी हट्ट धरण्यात अर्थ नाही. १९७१ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने दशेहरी व नीलम यांच्या संकरातून काढलेला ठेंगणा आम्रपाली कुंडीला अधिक मानवतो. कागदी लिंबू, पेरू व करवंद त्याहून सोपे.

सर्वांत रंजक गोष्ट कोकमाची. त्यात नर व मादी झाडे वेगळी असतात, त्यामुळे बियांचे रोप वाढवून कित्येक वर्षांनी ते नर निघण्याचा धोका असतो. मादी झाडाच्या कलमाने तो टळतो. शिवाय सरळ वाढणाऱ्या शेंड्याची काडी वापरली तर झाड उंच जाते, आडव्या फांदीची वापरली तर ते झुडपासारखे पसरते. बागायतदाराला हा दोष वाटतो, अंगणातल्या कुंडीला मात्र तोच सोयीचा. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ ही कोकमाची जात दिली आहे.

दोन-तीन वर्षांनी मुळे कुंडीच्या कडेला गोल वेटोळी घालू लागतात. तेव्हा मृगाच्या सुमारास मातीचा गड्डा बाहेर काढून कडेची मुळे छाटावीत, वरच्या फांद्याही त्याच बेताने कमी कराव्यात आणि नवे मिश्रण भरून झाड पहिली पालवी फुटेपर्यंत पडवीच्या सावलीत ठेवावे.